केबलच्या तोंडाला कुंकू

शिवगंगेचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मुरूमकडची लेक, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत मोजकंच बोलणारी. धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती सर्व्हर सांभाळत होती, तीही कंत्राटावर. दरवर्षी नवा कागद आणि दरवर्षी तेच, "पुढच्या वर्षी कायम करू." अशी अकरा वर्षं झाली. अकरा! गंमत आहे का?

दवाखान्यात सर्व्हर दोन. एकात सीटी स्कॅनची चित्रं, दुसऱ्यात डॉक्टरांचे रिपोर्ट. मधलं नेटवर्क जुनं, त्यावर सगळ्या दवाखान्याची गर्दी. एकेक स्कॅन पलीकडं जायला वीस-वीस मिनिटं, आणि तोवर परंडा-येरमाळ्याची माणसांची बाकावर बसल्या बसल्या एसटी चुकायची. म्हणून दोन्ही सर्व्हरांमध्ये थेट काचेच्या तारेची केबल टाकायचं ठरलं. पुण्याच्या एका कंपनीनं ती केबल खोचायला सर्व्हरात बसवायची कार्डं दिली, पण जुनी ऑपरेटिंग सिस्टीम ती ओळखेचना. कंपनी म्हणाली, अपडेट तुमचं तुम्ही बघा. बघणार कोण? शिवगंगाच!

तिनं तीन रविवार घातले. आधी सगळ्याची नक्कल ठेवली, मग एक सर्व्हर केला, मग दुसरा. खंडेनवमीच्या सकाळी दोन्हीकडं कार्ड दिसलं तेव्हा ती एकटीच हसली. केबलच्या टोकांवरची टोपणं तशीच ठेवून ती डबा खायला गेली.

परत आली तर यंत्रांची पूजा उरकलेली. सर्व्हरला झेंडूची माळ, आणि खुर्चीत ट्रस्टी गौरीशंकर साहेब, हातात पेढा.

"केबल मीच जोडली. कर चालू," ते म्हणाले.

तिनं चालू केलं. कार्डावरचा दिवा काही लागेना.

साहेबांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडच्या राजस नावाच्या इंजिनिअरनं काही न बघता निकाल देऊन टाकला, "अपडेट चुकलंय. जुनी सिस्टीम परत टाका."

झालं! साहेबांनी बिघाडाची वही पुढं सरकवली. "लिही, चूक माझी. आणि कर सही." त्या वहीत ज्याच्या नावावर बिघाड, त्याचं कंत्राट पुढं वाढत नसे. हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. स्क्रीनवर दोन्ही कार्डं धडधडीत दिसत होती. मग अपडेट चुकलं कसं? तिनं केबल काढली, टोक उजेडात धरलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. केसाएवढ्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट!

"अय्यो! टोपणं कुणी काढली?"

"मी काढली. झाकलेल्याला पूजा पोचते का कधी?"

"साहेब, ह्यातनं उजेड जातो! तुमच्या चष्म्याला असं कुंकू फासलं तर तुमाला दिसंल का? तीन रविवार म्या मान मोडून काम केलं, आन् चूक मीच लिहायची? कुठला न्याय हाय ह्यो?"

खोलीच्या काचेपलीकडं बाकावर बसलेली माणसं उठून दारात आली. तिनं टोकं पुसली, कार्डाची भोकं पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि केबल खटकन बसवली. हिरवा दिवा लागला. परंड्याच्या धोंडीबांचा स्कॅन ह्या कामापायी सकाळपासून रखडला होता, तो ते पाणी पिऊन येईपर्यंत पलीकडं पोचलासुद्धा.

"बघ, देवीनं मनावर घेतलं," साहेबांनी पेढा पुढं केला. "चला, मिटलं."

"मिटलं न्हाय." तिनं वही उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : बिघाडाचं कारण, केबलच्या तोंडाला कुंकू. टोपणं काढणारे, गौरीशंकर साहेब. मग पेन त्यांच्यापुढं धरलं.

"कुंकवाला बिघाड म्हणतेस? असल्या कागदावर मी सही करत नसतो!" म्हणत साहेब तरातरा निघून गेले.

शिवगंगेनं पेन वहीवर ठेवलं. तिनं वही दाराकडं फिरवली.

"आजोबा, टोपणं कुणी काढली, तुमी बघितलं का?"

"व्हय की! काचंतनं समद्यांनी बघितलं," धोंडीबा म्हणाले.

"मग इथं साक्षीदार म्हणून सही करता?"

धोंडीबांची एसटी तशीही गेलीच होती. त्यांनी सावकाश सही केली, खाली गावाचं नाव घातलं. त्यांच्यामागं येरमाळ्याच्या प्रेमाबाई पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आण ते पेन हिकडं."