चिपचा कौल
काल जुना कॉम्प्युटर सुरू केला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि गावदेवीचं देऊळ आठवलं. दादाने जहाजावर नोकरीला जावं का, याचा कौल घ्यायला बाबांनी आम्हा दोघांना पाठवलं होतं. वाटभर आम्ही भांडत होतो. याच कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स चिपमध्ये दोन सारखे भाग, पण त्यांना काम वाटून देणारा एकच. दादा तिला ड्युअल-कोर म्हणे, मी नाही. गुरव म्हणाला, "प्रश्न मनात धरा." देवीला चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. बाहेर येऊन दादा हसला, "बघ, ड्युअल-कोरच आहे!" मीही मनात चिपचाच प्रश्न धरला होता. घरी आम्ही एवढंच सांगितलं, उजवा कौल मिळाला. दादा जहाजावर गेला, तो समुद्रातच राहिला, परत आला नाही. जेवताना बाबा अजून म्हणतात, "देवीनं उजवा दिलान, मी कसा अडवणार?" मी पुढचा घास घेतो.