आकारामची मूठ

आमच्या फौंड्रीतला आकाराम साच्याची वाळू मुठीत दाबून सांगायचा, पाणी बरोबर हाय का न्हाय. तीस वर्षांत त्याची मूठ चुकली न्हाय. मग मालकानं रोबो आणला आणि त्याला शिकवायला आकारामच्या हातात तारांचा मोजा चढवला. दोन महिने आकाराम नुसती नमुन्याची वाळू दाबत हुता अन् रोबो शिकत हुता.

आता रोबोनं पास केलेल्या वाळूत कास्टिंगला भोकं पडत्यात. मालक खेकसला, "तुमचाच हात शिकलाय की त्यो!"

मी आकारामवरच भडकलो, "खुळ्या, बोल की कायतरी!"

"काय बोलू? मोज्यातनं वाळू कळतच न्हवती. अंदाजानं सांगत हुतो."

मी मूठभर वाळू त्याच्या उघड्या हातावर ठेवली. त्यानं दाबली, परत दाबली.

"आता अशीबी कळंना," म्हणाला.