रवीच्या बापाची वस्ती

मल्हारी ग्रामपंचायतीचा शिपाई झाला एक्क्याण्णव साली, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात ब्रश आणि रंगाचा डबा आला. पुढची बारा वर्षं तो घरांवर नंबरच टाकत राहिला. विंचूरच्या पलीकडचं हे गाव नावापुरतं गाव. निम्मी माणसं मळ्यांत विखुरलेली, एका वस्तीवरची हाक दुसरीवर पोचायची नाही. घरपट्टीचा नंबर वेगळा, जनगणनेचा वेगळा, हिवतापवाल्यांचा वेगळा, पोलिओवाल्यांची खडूची खूण आणखी वेगळी. दिवाळीला बाया भिंतींवर चुना फिरवत, की सगळं साफ. मल्हारी पुन्हा सायकल काढायचा. आपल्या घराचा नंबर सांगू शकेल असा माणूस गावात सापडला नसता, आणि कुणाचं अडतही नव्हतं. कोण कुठं राहतो ते मल्हारीला विचारलं की झालं. सगळ्या दगदगीत त्याला तेवढाच एक अभिमान होता.

दोन हजार तीनच्या एप्रिलात, भर दुपारी, झुंबरच्या मळ्यात विजेच्या तारा वाऱ्यानं एकमेकींवर आपटल्या आणि ठिणगी कडब्याच्या गंजीवर पडली. गंजी गोठ्याला खेटून रचलेली, सगळेच रचतात तशी. झुंबर कांदा घेऊन मार्केटला गेला होता. घरी त्याची बायको कुसाबाई एकटी. ती धावत शेजारच्या वस्तीवर गेली. तिथंही घरात एक बहिरी म्हातारीच होती, पण फोन होता. बंबाच्या ऑफिसातल्या माणसानं विचारलं, वस्ती कुणाची? आता वस्तीला नाव नवऱ्याचं, आणि लग्नातल्या उखाण्यानंतर तीस वर्षांत कुसाबाईनं ते नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. तिनं सांगितलं, रवीच्या बापाची. फोन ठेवून ती गोठ्याकडं पळाली.

बंब तालुक्याहून आला आणि पंचायतीपुढं थांबला. त्या दिवसांत शेतकरी उसाचं पाचट पेटवतात, चारी दिशांना धूर होता, धुरावरून काही कळेना. ड्रायव्हरनं मल्हारीला विचारलं, रवीच्या बापाची वस्ती कुठं? मल्हारीनं क्षणाचाही विचार न करता कालव्याकडं हात केला. तिकडं एक रवी होता. झुंबरचा पोरगा आता नाशकात इंदिरानगरला राहायचा, त्याला सारं गाव बाळ्या म्हणून ओळखायचं. रवी हे नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि आईच्या तोंडी. ते मल्हारीच्या डोक्यातच आलं नाही.

कालव्यावरून फिरून बंब झुंबरच्या मळ्यात पोचायला तासभर उशीर झाला. तोवर गोठा बसला होता. कुसाबाईनं गाय सोडवली, पण वासराच्या दाव्याची गाठ सुटेना. त्या गाठीपायी तिचे दोन्ही हात भाजले आणि वासरू गेलं ते गेलंच.

ड्रायव्हर आपल्या वाटेनं निघून गेला. गावात बोललं गेलं ते एवढंच, की बाईला धड पत्ता सांगता आला नाही. मल्हारीनं ते ऐकलं आणि तो गप्प बसला. ही गोष्ट काही चांगली केली नाही त्यानं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

ग्रामसेवकानं मग नवं काम काढलं. प्रत्येक वस्तीच्या फाट्यावर दगड रोवायचा, त्यावर ठळक नंबर घालायचा आणि दिवसा घरी असणाऱ्या बायांकडून तो पाठ करून घ्यायचा. मल्हारी उन्हातान्हात दारोदार तेच सांगत फिरला. गंजी गोठ्यापासून लांब रचा, तारांखाली नको. गाठ सुटत नसली तर विळ्यानं दावं कापा. फोनवर नंबर सांगा, नाव राहू द्या. बाया तोंडाला पदर लावून हसत. पुरुषांना वाटे, सरकार जमीन घेणार, त्याची ही खूण. दोन दगड तर कुणीतरी उपटून विहिरीकडं कपडे धुवायला नेले. मल्हारीनं ते तिथं पाहिले आणि तो पुढं गेला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

झुंबरचा मळा त्यानं मुद्दाम मागं ठेवला होता. बाकी सगळे दगड संपले तेव्हा जाणं भागच पडलं.

कुसाबाई ओट्यावर बसली होती. हातांवरची कातडी गुलाबी, ताणलेली. बोटं पुरती मिटत नव्हती. मल्हारीनं फाट्यावर रोवायचा दगड ओट्याला टेकवून त्यावर एकशे चौदा काढलं आणि तिला म्हणायला सांगितलं. तिनं निमूटपणे म्हटलं. नंतर म्हणाली, "दोन महिने झाले भावजी, हे माझ्याशी बोलत नाय. नाव घेतलं असतं तर वासरू वाचलं असतं, म्हनत्यात. बरोबरच हाय त्यांचं."

मल्हारीचा ब्रश थांबला. इतके दिवस आपल्या वाटणीचं ओझं ही बाई वाहत होती, आणि आपण गावाला आगीचं शहाणपण शिकवत हिंडत होतो, याची त्याला विलक्षण लाज वाटली.

"वैनी, बंब मी चुकवला," तो म्हणाला. "ड्रायव्हरनं मलाच इचारलं व्हतं. तुम्ही रवी म्हनलात, मी कालव्यावरचा रवी समजलो. दुसरा कोन रवी हाय का, एवढं सुदिक इचारलं नाय मी."

तिनं न मिटणाऱ्या बोटांनी विहिरीकडं दाखवलं.

"हे त्यांना सांगा," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग."

झुंबर विहिरीवर मोटरपाशी होता. मल्हारी बांधाबांधानं तिथवर गेला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, स्वतःला काही न वाचवता. झुंबर शिव्या देईल, कदाचित अंगावर येईल, अशी त्याची तयारी होती. झुंबरनं पाना खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि घराकडं चालू लागला. मल्हारी चार पावलं मागून.

ओट्यापाशी येऊन झुंबर थांबला. कुसाबाईच्या हातांकडं बघत राहिला. मग तिच्याशी बोलला.

"तू बस," तो म्हणाला. "च्या मी टाकतो."