ओठांनी ओळखलेला लव्हाळा

केमोथेरपी संपली, केस परत आले, बोटांची जाणीव मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. कुकरचं झाकण लावता येत होतं, म्हणून भागत होतं. वाती वळणं सोडलं. कापूस चिमटीत आहे की नाही, हे बघावं लागायचं.

त्या पावसाळ्यात मी कारंज्याकडच्या जंगलात वनस्पती ओळखायला जाणाऱ्या गटात जाऊ लागले. तिथे कोणी तब्येत विचारत नव्हतं. एक निवृत्त मॅडम जंगलातले लव्हाळे शिकवत. शेतात तण म्हणून माजणाऱ्या मोथ्याचीच ही भावंडं, पण सावलीत, नाल्याकाठी वाढणारी. दिसायला गवतच. मॅडमचा नियम असा की उपटायचं नाही, दांडा चिमटीत फिरवायचा. गवताचा गोल लागतो, लव्हाळ्याला बहुधा तीन कडा असतात. बाकीचे फिरवून चटकन सांगत. मी फिरवायचे आणि शेजारणीचं उत्तर सांगायचे. हे असंच चालणार असेल तर पुढच्या वर्षी येण्यात अर्थ नव्हता.

एकदा देवळीहून धाकटी जाऊ सोबत आली.

"बाई, मोथा पाह्याले एवढ्या दूर आलो? आपलं वावर भरलं हाय त्यानं."

"हा येगळा हाय."

"निंदाले सारखाच."

बोलता बोलता ती उकिडवी बसली आणि तिने तिथला एकुलता एक झुपका मुळासकट उपटून, माती झटकून मागे फेकला.

"अहो!" मॅडम ओरडल्या.

"हात थांबतच नाई, मॅडम. जलमभर हेच केलं."

मी झुपका उचलला. बोटांना काही कळलं नाही. हल्ली सुई ओवताना दोऱ्याचं टोक मी ओठांनी चाचपते. तसाच एक दांडा ओठांत धरून फिरवला. एक कड. दुसरी. तिसरी.

"बाई, खाऊन राह्यल्या का?" ती हसू लागली.

"नाई. कडा मोजून राह्यली."

बोटांचं तिला ठाऊक होतं. ती हसायची थांबली.

"समजते?"

"ओठाले समजते."

तिने खड्डा उकरला, झुपका परत लावला, माती दाबली. तो जगला.

आता मॅडम खुडलेला एक दांडा सगळ्यांकडे फिरवून शेवटी माझ्याकडे देतात, कारण मी तो तोंडात घालते. उत्तर माझं मीच सांगते. बोटं अजून तशीच आहेत.