ऐकाय नाय

म्हात्रेबाई वर्गात आल्या की आम्हाला आधी डोळे मिटायला लावायच्या. मग पुढे केलेल्या तळहातावर काहीतरी टोचायचं. "पुस्तक मागून वाच गो. आधी हात काय म्हणतोय ता सांग!" पेणच्या खाडीकाठी, मिठागरवाल्यांच्या घरात वाढलेल्या या बाई रोह्याच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि शिकवताना शुद्ध भाषा खुंटीला टांगून ठेवायच्या.

मी भातशेतीवाल्यांची पोर. शास्त्रीय नावांपुढे माझी बोबडी वळायची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी बरणीतला तारामासा दाखवून त्याच्या गटाचं नाव विचारलं. मागून मैत्रीण पुटपुटली, "एकायनो..." मला वाटलं, बिचारीला प्रश्नच ऐकू आला नाही. मी ठणकावून म्हणाले, "सर, हिला ऐकाय नाय आलं. परत विचारा."

नापास! पुन्हा तेच झालं तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं. मी रडत बाईंकडे गेले. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग मला घेऊन थेट आमच्याच शेतावर आल्या. भातात भातासारखंच दिसणारं एक तण माजलं होतं. त्याचं कणीस त्यांनी माझ्या मुठीत दाबलं.

"टोचला ना? याचा नाव एकायनोक्लोआ. काटेरी गवत. तुझा तारामासा एकायनोडर्माटा. काटेरी कातडीचा. ग्रीसमधी साळिंदरासारखा एक बारका प्राणी हाय, त्याला तिथले लोक एखिनोस म्हणायचे, त्याचाच हा एकायनो. मंग दर्यात काटेरी गोळा गावला, त्यालाबी एखिनोस. तिथल्या बेटांनाबी तोच शब्द लागला, एखिनाडीस! नकाशात हायत अजून."

आई जन्मभर कमरेत वाकून जे तण उपटत आली, त्याच्या नावात समुद्र होता, बेटं होती, हजारो वर्षांमागची माणसं होती. अंगावर सरसरून काटा आला. बाईंनी तो बरोबर टिपला. "बघ, आता तूपण एकायनो!"

दुसऱ्या खेपेला मी पास झाले, पुढे शिक्षिकाही झाले.

बाईंना शेवटचं भेटले ते पेणला, त्यांच्या घरी. तोवर कान गेले होते, दिसतही नव्हतं. मी ओरडून ओरडून नाव सांगितलं.

"ऐकाय नाय येत गो," त्या ओशाळून म्हणाल्या.

येताना आमच्या बांधावरून तोडलेलं त्याच तणाचं कणीस मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं हळूहळू मिटली.

"एकायनो," त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात चाचपडत माझ्या दंडावर आला आणि तिथेच थांबला.

"अजून काटा येतो गो तुला."