अंबाडीची गिरणी

बोलता बोलता आबा मांडीवर दोरी वळायचे. धोतर गुडघ्याच्या वर सरकवलेलं, तळहाताखाली वाखाचे दोन पदर, आणि तोंडाने, "वडून बघा की, तुटतीय का?" समोरच्याने ओढून बघायचं, नाही म्हणायचं, मगच पुढचं बोलणं. एकाच गोष्टीने झपाटलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांचा चहा पितो आणि माघारी त्यांना हसतो.

आबा कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहायचे; शेत आणि जुनं घर हातकणंगल्याजवळ, त्यांच्या गावी. फाळणीत तागाचा मुलूख तिकडे गेला, गोणपाटाचा तुटवडा पडला, आणि सरकारने अंबाडी पेरा म्हणून हाकाटी सुरू केली. तिच्या सालीचा वाख तागाच्या जागी चालतो. वाखाची गिरणी निघणार होती. कुठे, ते ठरवायला सरकारी साहेब गावोगाव लोकांचं म्हणणं ऐकणार होते. स्टेशन आपल्या उशाला, मग गिरणी दुसरीकडे जाईलच कशी, असं आबांना वाटलं. घरोघर फिरून त्यांनी अख्ख्या गावाला अंबाडी पेरायला लावली.

वाख काढायला अंबाडी पाण्यात कुजवावी लागते. गावच्या तळ्याला असा वास सुटला की म्हशी पाण्याला तोंड लावीनात. बायका आबांच्या नावाने बोटं मोडायच्या.

"गिरणी आली की सरकार येगळं टाकं बांधून देतंय," आबा सांगायचे. "साहेब इचारतील तवा समदं बोला. टाकं न्हाय, गिऱ्हाईक न्हाय, गिरणीबिगर आमचं भागत न्हाय. लाजू नगासा."

साहेब आले त्या दिवशी आबांनी मलाही नेलं. चावडीपुढे मांडव, हलगी. साहेबांच्या डोक्याला आबांनी स्वतः फेटा बांधला. सभेआधी जेवण, तेही आबांच्याच घरी. पांढरा रस्सा साहेबांनी मागून मागून घेतला.

मग सभा. साहेबांनी विचारलं, "बोला मंडळी, काही अडचण?"

पाटील उठले, हात जोडून म्हणाले, "कायबी अडचण न्हाय साहेब. आपली किरपा हाय." टाळ्या पडल्या. पुढचा उठला, तोही तेच बोलला.

मी आबांच्या कानाशी लागलो, "आबा, तुम्ही तरी बोला." ते अर्धवट उठले, साहेबांच्या फेट्याकडे बघितलं आणि खाली बसले.

"आत्ताच माझ्या घरात जेवलाय मानूस," ते कुजबुजले. "पावण्यापुढं रडगाणं कसं गाऊ?"

साहेबांनी वर कळवलं, इथले लोक सुखी आहेत, गिरणीची निकड नाही. लोकांनी जिथे आरडाओरडा केला, तिथे ती गेली. जनतेचं मत घेतलं म्हणून सरकार मोकळं झालं. त्या साहेबाचा मला अजून राग येतो. तळ्याचा वास त्याच्याही नाकात गेला असणारच. गावाचाही येतो. उरलेली अंबाडी त्यांनी होळीत घातली, आणि हात जोडणारे तेच पाटील "आबानं गाव बुडवलं" म्हणत हिंडले. गावाने आबांशी बोलणं टाकलं.

शेत खंडाने देऊन आबा गडहिंग्लजला लेकीकडे निघाले. एसटी स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. ट्रंकेला बाजारातली काथ्याची दोरी बांधलेली. हात मांडीवर नुसतेच पडलेले. गाडी सुटताना काहीतरी बोलायचं म्हणून मी खिडकीशी जाऊन विचारलं, "आबा, काही अडचण नाही ना?"

"कायबी अडचण न्हाय," आबा म्हणाले, आणि त्यांनी मला हात जोडले.