दुपारची झोप राखणारी

कांदिवलीच्या त्या बैठ्या चाळीत शेवंतीचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जायचं. भर दिवसा माणसाला झोपवावं आणि झोपवून ठेवावं, ते तिनेच.

ही विद्या तिला कोणी दिली नव्हती. नवरा दशरथ गिरणीत होता, एकोणीस वर्षं बहुतेक रातपाळीला. सकाळी आठला तो घरी यायचा आणि दोन घास खाऊन आडवा व्हायचा. दिवसाची झोप वरवरची असते, हे शेवंतीने उशाशी बसून ओळखलं होतं. पाऊण तास होत आला की झोपलेला माणूस एकदा वर येतो. त्या घटकेला डोळ्यांवर उजेड आला किंवा कोणी भांडं आपटलं, की संपलं. पण नेमका तेव्हाच छातीवर नुसता हात पडला, थोपटणं नाही, बोलणं नाही, तर तोच माणूस पुन्हा खोल जातो. म्हणून ती खिडकीला घोंगडी लावायची आणि वेळ भरण्याच्या दहा मिनिटं आधी हातातलं काम टाकून येऊन बसायची.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली. दशरथ चेंबूरला एका गोदामावर दिवसपाळीचा वॉचमन झाला आणि इतर माणसांसारखा रात्री झोपू लागला. शेवंतीची दुपार रिकामी झाली. मूल नव्हतं. तोंडावर तिला ताई म्हणणाऱ्या बायका पाठीमागे काय म्हणतात, ते तिला माहीत होतं.

चौऱ्याऐंशी साली शेजारच्या सुलक्षणाला मुलगा झाला. तो दिवसा पाऊण तासाच्या वर झोपेना. डोळा लागतो न लागतो तोच किंचाळून उठे आणि पुढचा सगळा वेळ किरकिर करी. चौथा महिना लागला तेव्हा सुलक्षणा न्हाणीत जाऊन रडायला लागली होती.

"मावशी, याला घ्या हो थोडा वेळ. नाहीतर मी याला आपटीन."

"असं बोलू नये गं. आण इकडे."

पहिल्या दिवशी शेवंतीने फक्त घड्याळ पाहिलं. पोर बेचाळीस मिनिटांनी उठलं. दुसऱ्या दिवशी पस्तिसाव्या मिनिटाला ती झोळीपाशी जाऊन बसली. पोराने मूठ हलवली, ओठ वाकडे केले. तिने छातीवर हात ठेवला. एक सुस्कारा आला, मूठ सुटली. पोर दोन तास झोपलं.

आठवडाभर रोज हेच झालं. सुलक्षणा एकदा म्हणाली, "माझी बाळंतपणाची रजा पुढच्या सोमवारी संपते. मग हा दिवसभर तुमच्याकडेच. ठरलं."

शेवंतीने त्या रात्री जुनी नऊवारी फाडून चार दुपटी शिवली.

मंगळवारी गावाहून सुलक्षणाची सासू आली, सोनूबाई. तिने शेवंतीच्या झोळीतून झोपलेलं पोर उचललं, त्याचं तोंड हुंगलं आणि दारातच आवाज चढवला.

"काय गो, काय अफू-बिफू चाटवतंस माझ्या नातवाक? इतको वेळ निजता कसो?"

"काही नाही हो. नुसता हात ठेवते."

"जिका पोर नाय, तिचो हात!"

पोराला डॉक्टरकडे नेलं. पोर ठणठणीत होतं, वजनही वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोप मिळतेय म्हणूनच. सोनूबाईने ते ऐकलं आणि पोर आपल्याच खोलीत ठेवलं. तिने थोपटलं, गाणी म्हटली, झोळीला एवढे हिसके दिले की आढं करकरलं. पाऊण तास झाला की पोर उठायचंच. भिंतीपलीकडे शेवंती घड्याळाकडे बघत बसलेली असे.

गुरुवारी सुलक्षणा चोरपावलांनी आली. "मावशी, आईंना शिकवा ना. मी सोमवारी गेले की काय होईल याचं?"

शेवंतीच्या मनात आलं, नाही शिकवलं तर? दोन दिवसांत म्हातारी थकेल. सोमवारी पोर आपल्याच झोळीत येईल.

"ते हाताला कळतं गं," ती म्हणाली. "सांगून येत नाही."

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी पोराचा आवाज बसला. भिंतीपलीकडून रडण्याऐवजी नुसती घरघर ऐकू येऊ लागली. शेवंतीने अर्धा तास दात आवळून काढला. मग ती उठली आणि "सांगते मी," म्हणत शेजारच्या दारात गेली.

तिला बघून सोनूबाई म्हणाली, "भायरच रव. थंयसून सांग."

शेवंती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली. तिथून सांगत गेली. आधी खिडकीला कांबळं लावा. झोळी हलवू नका, नुसती धरून ठेवा. आता गाणं नको. पोर झोपलं. मग अर्धा तास शेवंती आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पस्तिसाव्या मिनिटाला शेवंतीने बोट वर केलं. पोराची मूठ हलली. सोनूबाई थोपटायला गेली, तशी शेवंतीने जोरजोरात मान हलवली आणि आपल्याच छातीवर हात सपाट ठेवून दाखवला. म्हातारीने तसंच केलं. पोराने सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपी गेलं.

सोनूबाई बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिली. मग दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "झाला मां? जा आता. निजलेल्या पोराक तुझी सावली नको."

सुलक्षणा आत उभी होती. तिने खाली बघितलं आणि पडदा ओढला.

दशरथ रात्री जेवताना म्हणाला, "बरं झालं. दुसऱ्याच्या पोरावर किती दिवस काढणार होतीस?" आणि भात मागितला.

सोमवारी पोर सव्वादोन तास झोपलं. मंगळवारी सकाळी नळावर सोनूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "आजयेच्या हाताक कसो निजता बघा. रगताचो हात लागता."

रांगेतली प्रेमा म्हणाली, "पण शेवंतीताईकडे पण झोपायचा ना तो?"

"तेव्हा तो रडून रडून दमलेलो असायचो," सोनूबाई म्हणाली. "इचार तिका."

सगळ्या शेवंतीकडे वळल्या. तिचा हंडा अर्धाच भरला होता.

"हो," शेवंती म्हणाली, "दमलेलाच असायचा."

कोणीतरी हसलं. शेवंतीने अर्धा हंडा कमरेवर घेतला आणि मागे उभ्या असलेल्या बाईला नळ मोकळा करून दिला.